कार्ल्यातली भरती

समुद्र घाटाखाली असतो हा शाळेतला भ्रम आहे. आमच्या कार्ल्यात तो शेजारच्या आबांच्या अंगणात, तीन प्लास्टिकच्या टबांत राहतो आणि दिवसातून दोनदा चढतो! आबा देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झाले आणि कुणाच्या तरी नादानं घाट उतरून खाडीवर गेले. तिथं कोळी मंडळी, वनखातं आणि हौशी लोक मिळून भरावाखाली मेलेलं कांदळवन पुन्हा उभं करत होते. आबा पिशवीभर कांदळाच्या शेंगा घेऊनच परतले. "रोपं आमी वाढवू," म्हणाले. खाऱ्या चिखलातलं झाड, आणि वाढणार कुठं, तर भाताच्या गावात!

रोपांना सवय हवी म्हणून आबा टबांत मीठ टाकत, भरतीच्या वेळेला बादलीनं पाणी भरत, ओहोटीला उपसत. या वेळा रोज पुढं सरकतात, तसे आबाही सरकत. पुतण्याच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत "ओहोटी लागली!" म्हणून माझ्या हातात अक्षता कोंबून पळाले. घरच्या आमटीत मात्र मीठ नसे. त्यांची बायको, म्हणजे आमची मावशी, म्हणायची, "मलाबी टबात लावा, मंजी मीठ तरी मिळंल."

वेळ विसरू नये म्हणून ते फाटकावर खडूनं लिहीत : 'आज भरती, सकाळी नऊ.' एकदा नऊला फाटकाबाहेर गावातली दहा-बारा पोरं दाखले घेऊन, छाती फुगवून हजर. डेपोतला माणूस, म्हणजे लष्कराचीच भरती असणार! आबांनी शांतपणे विचारलं, "गुडघाभर चिखलात उभं ऱ्हाता येतं का?"

"व्हय आबा, भात लावतो की!"

"मग झाली भरती. रोपं खाडीत लावायला चला."

पोरं हसत हसत तयार झाली, यात आबांचं कसब की पोरांचं रिकामपण, देव जाणे.

आबांना एकच बघायचं होतं. "बादलीच्या पान्यानं फशिवलंय त्यास्नी. एकदा खऱ्या भरतीत उभी बघू द्या." आणि नेमका लावणीच्याच आठवड्यात आबांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी घाटच काय, घराची पायरीही बंद केली. आबा लहान मुलासारखे रडले.

त्यांच्याऐवजी मी गेलो. पोरांनी रोपं लावली, आम्ही काठावर आलो आणि पाणी चढू लागलं. तेवढ्यात आबांचा फोन. "आलं का?"

"आलं आबा. एकबी पडलं न्हाई." मी फोन पाण्याजवळ धरला. पलीकडं खुर्ची करकरली. मग मावशीचा आवाज आला, "आरं, त्यांनी दुखऱ्या गुडघ्यासकट पाय खुर्चीवर घेतल्यात. भिजत्याल म्हनं."