अंतरपाटावरचा उजेड

माझा धंदा मंडप डेकोरेशनचा. कशेळ्याच्या आसपास कुठेही लग्न असलं की कापड माझंच लागतं, आणि माझ्या कापडाला कोणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या शेजारच्या आबाजींची लेक अक्षदा नेमकं तेच करून बसली.

बारावीनंतर तिने एक जुना कॅमेरा घेतला आणि लग्नाचे फोटो काढायला लागली. फोटो काढणारी पोरगी गावात कोणी पाहिली नव्हती, म्हणून पहिली दोन लग्नं कौतुकात गेली. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश ती सरळ तोंडावर मारायची. सगळं वऱ्हाड चुना फासल्यासारखं पांढरं, आणि निम्म्यांचे डोळे मिटलेले. मग कुठूनतरी तिने शिकून घेतलं की फ्लॅश छताकडे वळवायचा, म्हणजे उजेड मऊ होऊन खाली येतो. स्लॅबच्या पांढऱ्या घरात येतही असेल. माझ्या मंडपाचं छत होतं पोपटी. उजेड तोच रंग घेऊन खाली उतरला आणि हळदीला बसलेली नवरी अख्ख्या अल्बमभर हिरवीगार झाली.

नवरीची आई भांडायला आली ती आधी माझ्या दारात. मी तसाच उठून अक्षदाच्या ओट्यावर गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि वर मलाच विचारलं, की काका, पांढरं छत नाही का तुमच्याकडे? लग्नाच्या मंडपाला पांढरं कापड कोण लावतं, असं म्हणून मी पाय आपटत घरी आलो.

त्यानंतर तिला कोणी बोलवेना. आबाजींनी खोपोलीच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम तिच्यासाठी बघून ठेवलं. तिच्या मावशीच्या मुलीचं, नम्रताचं लग्न कबूल केलंय तेवढं करायचं, सोमवारपासून कामावर जायचं आणि कॅमेरा विकून टाकायचा, असं त्यांनी बजावलं. पोरीने मान डोलावली. पण पुढचे पंधरा दिवस ती ओट्यावर एक लाल भोपळा मांडून बसली. फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवायला हवा, हे तिच्या ध्यानात आलं होतं. एक ट्रिगर कॅमेऱ्यावर, दुसरा फ्लॅशला. इथे बटण दाबलं की उजेड तिकडून. समोरून मारला तर भोपळा ताटासारखा सपाट, बाजूने मारला तर त्याची एकेक फाक उठून दिसायची. मी येता-जाता विचारायचो, भोपळ्याचं लग्न कधी काढलंय? ती हसायची नाही. भोपळा जरासा फिरवायची आणि पुन्हा बटण दाबायची.

नम्रता सावळी. साखरपुड्याचे फोटो एका स्टुडिओवाल्याने इतके गोरे केले होते की तिची तिलाच ओळख पटेना. तिने अक्षदाकडे एकच मागणं केलं होतं. मंगलाष्टकांच्या वेळचा एक फोटो हवा, आणि त्यात तिचा रंग तिचाच दिसायला हवा.

मुहूर्त गोरज होता. मंडप माझाच, छतही तेच पोपटी. अक्षदाने फ्लॅश स्टँडवर लावून नवरीच्या बाजूला उभा केला. आता आमच्याकडच्या मंडपात ठेवलेली वस्तू जागेवर राहील तर शपथ. एका आत्याने स्टँडला पर्स अडकवली. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्याने पंखा समजून फ्लॅश स्वतःकडे वळवून घेतला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा गर्दीच्या रेट्यात स्टँड आडवा झाला होता. आता शेवटचं कडवं संपलं की अंतरपाट निघणार आणि तो क्षणही जाणार. अक्षदाने फ्लॅश उपसला आणि माझ्या हातात कोंबला.

"काका, नवरीच्या खांद्यामागं उभं ऱ्हावा, आन ह्यो अंतरपाटावर धरा."

"अंतरपाटावर? अगं, फोटो नम्रताचा हाय ना?"

"तुमच्या मंडपात पांढरं तेवढंच हाय."

मी चरफडलो, पण धरला. उजेड त्या पांढऱ्या कापडावर आपटून नम्रताच्या तोंडावर परत येत होता. तीनदा लखलखलं, अक्षता पडल्या, अंतरपाट निघाला.

पंगत बसायच्या आधी अक्षदाने कॅमेरा नम्रतापुढे धरला. मीही मधे मान घातली. सावळा तुकतुकीत चेहरा, गालावर पापण्यांची सावली, ओठात दाबलेलं हसू. माझा पोपटी रंग कुठे औषधालाही नव्हता. नम्रता बघतच राहिली. मग म्हणाली, "ही मी हाय," आणि कॅमेरा घेऊन थेट सासूला दाखवायला गेली. तिथून तो हातोहात फिरला. नवऱ्याच्या बहिणीने तर उभ्या उभ्या आपल्या लग्नाची तारीख अक्षदाला सांगून टाकली. मीही चार लोकांना ऐकू जाईल असं बोललो, की फ्लॅश मी धरला होता.

फिरत फिरत कॅमेरा आबाजींपाशी आला. चष्मा पुसून त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग सोमवारी तुझा टेंपो खोपोलीला जातोय का, असं मला विचारलं. जातो की, पोरीला सोडायचं आहे का, असं मी कसंबसं म्हणालो.

"नाय रं," आबाजी म्हणाले. "ती येनार नाय, ह्ये सांगाया मीच जातो."