न मागता आलेला चहा

साऱ्या अकोल्यात दालमिली कमी नाहीत, पण आपली माणसं रिटायर होतील म्हणून धास्तावणारा मालक आमच्या मालकांसारखा दुसरा सापडायचा नाही. पगार वेळेवर द्यायचे, फंड भरायचे, दिवाळीला साडी द्यायचे; पण कुणी म्हटलं, "मालक, आता थकलो, कायमची सुट्टी द्या," की तुरीच्या पोत्यात पाणी शिरावं तसा त्यांचा चेहरा व्हायचा. मी त्यांच्याकडे दाळ निवडणाऱ्या बायांची हजेरी लिहायची. शाळा मी पाहिली ती झाडायला. अक्षरं शिकले पोत्यांवरच्या छापांवरून, म्हणून अजूनही माझा 'त' पोत्यासारखा फुगीर निघतो. आणि मला खोड एकच, विचारायची. कोण कुठं गेलं, कशाला गेलं, तिथं काय खाल्लं, सगळं मला लागतं.

म्हणून मालकांची एक गोष्ट मला फार छळायची. जो रिटायर व्हायचं म्हणेल त्याला ते आधी आठ दिवस पगारी घरी बसवायचे. याला ते 'तालीम' म्हणायचे. त्या आठ दिवसांत एकदा, बरोबर दुपारी तीनला, आपल्या जुन्या स्कूटरवर त्याच्या घरी जाऊन बसायचे. बोलायचे नाहीत. पंख्याकडे बघत राहायचे. तासाभरानं उठायचे आणि दुसऱ्या दिवशी निकाल: याच्या फंडाच्या फॉर्मवर सही, त्याच्या नाही. काय बघत असेल हा माणूस? भिंती? छपराची गळती? बायांमध्ये पैजा लागायच्या. शेवटी मीच विचारलं.

"मालक, तुमी तिथं जाऊन पाह्यता तरी काय?"

"च्या."

"च्या?"

"तीन वाजता त्या माणसाले न मांगता च्या येते का, थे पाह्यतो. आला, तं तो घरी राहू शकते. मांगा लागला, तं अजून मिलमधीच राहावं त्यानं. फंड पोटाले पुरते बाई, दुपारच्या तीनले नाई पुरत."

आता ही गोष्ट माझ्या पोटात राहते होय! संध्याकाळपर्यंत सगळ्या मिलला कळली आणि घरोघरी सुनांच्या शिकवण्या सुरू झाल्या. हिवरखेडकडचा एक हमाल होता आमच्याकडे, त्याच्या सुनेनं पाऊण तासात तीनदा चहा आणला. तिसऱ्या कपाला मालक उठलेच. "हा च्या पढवलेला हाय," म्हणाले, आणि चार दिवसांनी न सांगता परत जाऊन बसले. एका बाईच्या सुनेनं दारातून विचारलं, "आत्याबाई, च्या ठेवू काय?" मालकांनी त्या बाईला अर्धंच पास केलं. "इचारून देला. सहा महिने अर्धा दिवस येत जाय."

मालकांचा मुलगा शिकलेला. त्यानं एकदा टाय लावलेले एक साहेब बोलावले, म्हातारपणाची सोय कशी करावी ते समजावायला. पडद्यावर समुद्राच्या काठी आरामखुर्चीत हसणारे आजी-आजोबा. साहेब म्हणाले, काही शंका? पहिल्या रांगेतून मालक, "यायले च्या कोण देऊन राह्यलं?"

मग माझी पाळी आली. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू. हजर बाई आणि गैरहजर बाई मला सारख्याच दिसायला लागल्या. फंडातून डोळ्यांचं ऑपरेशन करावं म्हणून फॉर्म घेऊन गेले. मालकांनी तो उलटा ठेवला.

"तुह्या घरी कोण हाय?"

कोण असणार? नवरा जाऊन कितीक वर्षं झाली, लेक अमरावतीला आपल्या संसारात.

"म्हंजे तू नापासच. डोयाचं मी करून देतो. रिटायर नको होऊ."

"कायले? फंड माया हाय, मालक. डोयेही मायेच. तालीम घ्याची तं घ्या, मंग बोला."

तिसऱ्या दिवशी तीनला आले. मी जयभीम म्हटलं, त्यांनी रामराम म्हटलं आणि खुर्चीत बसून पंख्याकडे बघू लागले. मी बाजेवर. ठरवलंच होतं, उठायचं नाही. तालीम माझी, मीच केलेला चहा ते थोडाच धरणार? सव्वातीन झाले. साडेतीन झाले. चार वाजायला आले तसे मालक उठले आणि माझ्या स्वयंपाकघरात शिरले. भांडी पडली. आता साखर कुठे म्हणून विचारतील, असं वाटलं. पण नाही, एकेक डबा उघडून वास घेत होते. कप आणला तो काळाकुट्ट, आणि गोड इतका की ओठ चिकटावेत.

"घे."

"म्या तं मांगतला नोता."

"मंग पास झाली ना, बाप्पा!"

खिशातून माझा फॉर्म काढला, त्यावर कप ठेवून त्यांनी सही केली. फंडाच्या ऑफिसातल्या साहेबांनी त्या गोल डागाचं कारण विचारलं, मी सांगितलं नाही.

पुढे मिल मुलानं हाती घेतली, दाळ निवडायचं मशीन आणलं आणि "पप्पा, आता आराम करा" म्हणून मोठ्या मायेनं मालकांना घरी बसवलं. आठव्या दिवशी तीनला माझ्या दारात स्कूटर. "इकून जाऊन राह्यलो होतो," म्हणाले. माझं घर कुठल्याच वाटेवर नाही, पुढे नुसता नाला आहे. मी आधण ठेवलं.

तेव्हापासून येतात. पंख्याकडे बघतात, चहा पितात, "म्या नोता मांगतला," म्हणतात. "म्हणून तं देला," मी म्हणते. डोळे आता स्वच्छ झालेत माझे, त्यामुळे स्कूटर स्टँडवर लावायला त्यांना दोनदा जोर करावा लागतो तेही दिसतं. जन्मभर मी कुणाला काही विचारायचं सोडलं नाही. पण त्यांच्या घरी तीन वाजता काय होतं, एवढं एक मी अजून विचारलेलं नाही. पावणेतीन झाले की आधण ठेवते.