जिवंत नवऱ्याची पेन्शन

आमच्या गावात बाईला पेन्शन मिळायची ती नवरा गेल्यावर. त्यामुळे माझ्या घटस्फोटानंतर लेक म्हणाली, "आई, यू हॅव टू अप्लाय, बाबांच्या पेन्शनमध्ये तुझा शेअर आहे," तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला.

"गप गं! तुझे बाबा चांगले हिंडते-फिरते आहेत."

चिपळूणला ताईला फोन केला, तर ती माझ्याही वरताण. "त्याच्या मरणावर टपलीस म्हणतील लोक. आणि सोडलेल्या नवऱ्याचं खायचं कशाला? तुला काय कमी आहे?"

कमीच होतं. सातवीत शाळा सुटलेली. इथे कॅनडात, किचनरला येऊन सॉफ्टवेअरवाल्या मुलांना डबे दिले, लोकांची बाळं सांभाळली, पण सगळं रोखीचं. म्हातारपणासाठी माझ्या नावावर जवळजवळ काहीच जमा नव्हतं. भाड्याचं बेसमेंट सुटलं, की लेकीच्या घरात जावयाचा मूड बघत दिवस काढायचे, याची धास्ती मनातून हलत नव्हती.

शेवटी लेक मला ओढतच इथल्या शेजारच्या केंब्रिज गावी मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. त्या पंजाबी, पिकल्या केसांच्या. माझं घाबरलेलं तोंड बघून हिंदीत म्हणाल्या, "बहनजी, ये विधवावाली पेन्शन नहीं है." लग्नाच्या वर्षांत दोघांच्या नावावर सरकारी पेन्शनसाठी जे जमा झालं, ते एकत्र करून निम्मं-निम्मं वाटतात. त्याला ह्यांची परवानगीही लागत नाही. मग त्यांनी विचारलं, इतकी वर्षं तुम्ही काय करत होता?

"कुछ नहीं. घरीच होते."

"नथिंग? सीरियसली, आई?" लेक भडकलीच. मग त्या बाईंकडे वळून इंग्रजीत सुरू झाली. बाबा गाड्यांच्या कारखान्यात. त्यांची पहाटेची पाळी असली, की ही अंधारात उठून ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायची, डबा भरायची. रात्रपाळी असली, की त्यांना दिवसा झोप मिळावी म्हणून आम्हाला घेऊन लायब्ररीत जाऊन बसायची. थंडीत, बसने. मी मान खाली घालून ऐकत होते. शब्द न् शब्द कळत होता. माझं कुणी असं कधी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

अर्ज केला. ह्यांना कळल्यावर फोन आला.

"गाड्या मी जोडल्या. तू नाही."

मी म्हटलं, "जोडल्यात की. पण बर्फातून तिथवर वेळेत पोचलात ते कुणामुळे, अहो?"

"फार बोलायला लागलीस."

"हो. उशीरच झाला."

त्यांनी फोन आपटला. मला रडू काही आलं नाही.

अर्ज मंजूर झाला, माझ्या नावाची पेन्शन सुरू झाली. ह्या परक्या देशानं मला ठाऊकही नसताना केवढं देऊन ठेवलं होतं! दर महिन्याला पैसे जमा होईपर्यंत अजून जिवाला घोर असतो, ते सोडा. पण बेसमेंटचं भाडं आता मीच भरते. मध्यंतरी लेक म्हणाली, "आता तरी आमच्याकडे मूव्ह हो ना."

"येईन की, रविवारी," मी म्हटलं. "जेवायला. आणि जावईबापूंना सांग, भाजीत मीठ कमी पडलं तर मी स्पष्ट सांगणार."