अंधारात उघडलेली गोळी

"शिसं मर्यादेच्या पाचपट. फेल. रिपोर्ट पाठवून द्या." देशमुख सरांनी कागद माझ्या टेबलावर टाकला आणि चहाकडे वळले.

मी कर्वेनगरातल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये केमिस्ट आहे. लोक औषध आणून देतात, त्यात शिसं, पारा असले जड धातू किती आहेत ते आम्ही मोजतो. या वेळी सॅम्पल तिबेटी औषधाचं होतं. वनस्पतींची गोळी, रेशमी कापडात गुंडाळलेली, दोऱ्याने बांधलेली आणि वर लाल लाखेचं सील.

गोळ्या डॉ. यांगचेन यांच्या. शनिवार पेठेत त्यांचा दवाखाना आहे. मराठी आपल्याइतकंच खणखणीत बोलतात. त्यांचे गुरुजी तिबेट सोडून डोंगर ओलांडून आले, तेव्हा पाठीवर पोथ्यांचं गाठोडं होतं, बाकी काही नाही. हिमाचलात पत्र्याच्या खोलीत त्यांनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली. आज त्यांच्या विद्यार्थ्यांचे पेशंट पार युरोपात आहेत. तिथल्याच एका दवाखान्याला ही पहिली पेटी जायची होती, आणि आमच्या रिपोर्टशिवाय ते गोळी घेणार नव्हते.

मी फोन करून आकडा सांगितला, तर बाई म्हणाल्या, "मॅडम, पहिलीच पेटी फेल झाली तर दुसरी कोण मागणार? गुरुजी नव्वदीचे आहेत हो. त्यांना काय सांगू मी?"

मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून आकडा बदलता येत नाही. मात्र आकडाच मला खटकत होता. एकाच लॉटच्या तीन गोळ्या होत्या. दोन स्वच्छ, आणि तिसरीतच एवढं शिसं?

"सर, पुन्हा करते."

"अहो, फेल झालं की पुन्हा करा असं क्लायंट म्हणतो. तुम्ही क्लायंट कधी झालात?"

"एक दिवस द्या."

"एकच."

गोळ्या शेखभाईंनी कुटल्या होत्या. ते आमचे सर्वांत जुने टेक्निशियन, हात अगदी स्वच्छ. म्हटलं, "शेखभाई, त्या दिवशी केलंत तसंच माझ्यासमोर करा."

त्यांनी खल घेतला, पडदे ओढले आणि ट्यूबलाइट बंद केली. भर दुपारी खोलीत मिट्ट काळोख!

"अहो, हे काय?"

"पाकिटातल्या चिठ्ठीत लिहिलंय ना मॅडम, उजेड लागू न देता उघडायची. कुणाची श्रद्धा असते. पाळली तर आपलं काय जातंय?"

त्यांनी अंधारातच कापड सोडून गोळी खलात टाकली, तेव्हा मी दिवा लावला. खलात गोळीशेजारी सीलचा लाल तुकडा पडला होता. अंधारात दिसणार कसा, कपाळ!

चिठ्ठी पेशंटसाठी होती. पहाटे अंधारातच गोळी कपात उघडून गरम पाण्यातून कशी घ्यायची, ते त्यात लिहिलं होतं. मी नुसती लाख तपासली. सगळं शिसं तिच्या लाल रंगात निघालं. मग सहा नव्या गोळ्या लख्ख उजेडात सोलल्या. सहाही स्वच्छ. रिपोर्टमध्ये आमची चूक लिहिली आणि लाखेचा आकडाही. पेशंटच्या कपातसुद्धा तोच तुकडा पडू शकतो, हेही लिहिलं.

यांगचेनबाईंनी लाख काढून टाकली, नुसत्या दोऱ्याच्या गाठी मारल्या आणि पेटी रवाना केली. महिन्याभरात दुसरीची मागणी आली. मग त्यांचा फोन आला: "गुरुजी विचारतायत, गोळीचा एवढा मान ठेवणारे ते गृहस्थ कोण? त्यांना चहाला घेऊन या." शेखभाई लाजून लालेलाल झाले. मला मात्र फार बरं वाटलं.

सूचना पाळावी, पण आधी ती कुणासाठी लिहिलीय ते बघावं. देशमुख सरांनी खलाच्या वर पाटीच लावलीय: "येथे औषध घेत नाहीत, तपासतात. दिवा चालू ठेवावा."