तीन महिन्यांसाठी आलेले साहेब

हंगामी पाळकाची बायको होणं म्हणजे काय, हे मले विचारा. एका गावच्या चर्चचे पाळकसाहेब बदलून जातात, नवे ठरत नाहीत, मग मधातल्या दिवसांत मंडळी कोण सांभाळीन? बोलवा आराखसाहेबाले! रिटायर झाल्यापासून आमच्या यायचा हाच उद्योग. फोन आला की हे "प्रभूची इच्छा" म्हणतात अन् मी ट्रंक भरते. सात वर्षांत पाच गावं झाली. देऊळघाटले दोन खोल्यांचं घर बांधून ठेवलं आहे, त्यात सलग पंधरा दिवस बी राह्यलो नाही. कुलपाले गंज चढला.

हे सहावं गाव नांदुऱ्याकडचं. नाव सांगत नाही, कायले भांडण? तीस-बत्तीस घरांची मंडळी. पंचांचे मुखिया भाऊराव, स्वतः आम्हाले घ्यायले आले होते. "फक्त तीन महिने, पाळकीणबाई." एकोणीस महिने झाले! मी ट्रंकेतले वरचे चार लुगडे तेवढे काढले, खालचं तसंच ठेवलं. तळ दिसला की माणूस तिथलाच होते, म्हणून.

हंगामी पाळक म्हणजे नुसता नावाचा साहेब. रविवारची उपासना घ्या, मयत करा, आजाऱ्याच्या घरी जा, पण मंदिराचं, म्हणजे आमच्या चर्चचं, गळतं छप्पर दुरुस्त करू म्हटलं की पंच म्हणतात, "पर्मनंट साहेब आल्यावर पाहू." हार्मोनियमचा भाता फाटला, पर्मनंट साहेब आल्यावर पाहू. अरे, मग आणा ना एकदाचे!

अन् मले घाई काऊन होती, ते सांगते. यायच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. बुलढाण्याच्या डॉक्टरनं चांगलं दहा वेळा समजावून सांगितलं, "थेंबांनी भागत नाही, ऑपरेशन करा, महिनाभर आराम करा. गेलेली नजर परत येत नाही." हे काय म्हणाले? "मंडळीला वाऱ्यावर सोडून कसा येऊ? नवीन पाळक आले की लगेच करू." घरी बी हे असं पुस्तकीच बोलतात. वरून मले शपथ घातली, "वच्छला, मंडळीत कोणाला सांगायचं नाही. त्यांना ओझं वाटेल." इकडं रोज नजर जाऊन राह्यली होती. रविवारी हे पवित्र शास्त्र उघडत अन् धडाधड वाचत. पान कोणतं बी असो, यायचं सगळं पाठ होतं. मी पहिल्या बाकावर बसून दात आवळत होते.

पंचांनी या काळात चार उमेदवार बोलावले. प्रत्येकानं एक रविवार प्रवचन केलं, पोटभर जेवला अन् नापास झाला. एकानं उघड्या डोळ्यांनी प्रार्थना केली म्हणे. दुसऱ्याची बायको बेसूर गाते. तिसऱ्याची बोली जालन्याकडची, म्हाताऱ्यायले समजत नाही. चौथ्यात काहीच सापडेना, तं म्हणे, याचे बूट लय चमकतात! मी घरी येऊन भांडे आपटले. हे हसून म्हणाले, "मंडळीला वेळ दे." वेळ लय होता बापा त्यायच्याकडं, आमच्याच डोळ्यांतला.

पाचवा आला चिखलीकडचा दानियल तायडे. त्याले मी चहाले बोलावून घेतलं अन् दम देऊनच पढवलं. प्रवचन वीस मिनिटं, डोळे मिटून प्रार्थना, बूट धुळीत घासून ये. पोरानं सगळं ऐकलं. प्रवचन बी असं केलं की मंडळीतल्या म्हाताऱ्या मनकर्णाबाई डोळे पुसत होत्या. उपासना झाल्यावर पंच बसले, मंडळी बी बसली. भाऊरावानं घसा खाकरला अन् म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पण जरा लहान वाटते."

माझं डोकंच फिरलं!

आता आमच्यात एक रीत आहे. सभेत बायायनं बोलू नये, पण प्रार्थना करता येते. अन् चालू प्रार्थना कोणी तोडत नाही. एकमेकायले जे तोंडावर सांगता येत नाही, ते लोक देवाले सांगतात, मोठ्यानं. "हे प्रभू, ज्या भावानं मंदिराची चावी दाबून ठेवली त्याले सुबुद्धी दे," असं. मग चावीवाला बी उठून प्रार्थना करतो. अशे भांडणं अर्धा अर्धा तास चालतात, सगळ्यायचे डोळे मिटलेले.

मी उठून उभी झाले. "हे दयाळू प्रभू, तुझा सेवक किसनराव तीन महिन्यांसाठी इथं आला, त्याले एकोणीस महिने झाले. त्याच्या डोळ्यांत काचबिंदू आहे, हे तुले माहीत आहे, या लोकायले नाही. तो वाचत नाही प्रभू, तो पाठ म्हणते. तो आंधळा होऊन राह्यला अन् हे लोक बूट पाहून राह्यले!"

"वच्छला, आमेन म्हण," हे बाजूनं पुटपुटले. नाही म्हटलं मी आमेन.

मग भाऊरावाचा आवाज आला, प्रार्थनेचाच. "हे प्रभू, बाईले सांग, आमाले माहीत होतं. साहेब गीताचं पुस्तक उलटं धरतात, हे मागच्या ईस्टरपासून आमी पाहून राह्यलो. म्हणून तं आमी त्यायचे पाठ असलेलेच गीतं घेतो. आमाले वाटलं, वयानं नजर जाते, तिले इलाज नसते. नवा पाळक घेतला तं साहेब देऊळघाटले जाऊन अंधारात बसतीन. इथं निदान त्यायची रविवारची सेवा तं आहे. म्हणून प्रभू, आमी चारी चांगल्या पोरायले नापास केलं."

चालू प्रार्थनेत मी जन्मात डोळे उघडले नव्हते, ते उघडले. "इलाज होता भाऊराव! इलाज होता! माया करता तं एकदा विचारायचं तरी होतं!"

त्यायनं बी डोळे उघडले. ते भरलेले होते. "तुमी एकदा सांगायचं तरी होतं, बाई."

मी खाली बसले. भाजीवाल्याशी, कंडक्टरशी, देवाशी बी भांडणारी मी, अन् नेमकी इथं शपथ पाळत बसली होती.

दानियल दोन मिनिटांत पास झाला. सोमवारच्या एसटीनं आम्ही बुलढाण्याले गेलो. ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यात आहे तेवढी नजर टिकेल, डावा गेला. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर आधी आले असते तर..." मी म्हटलं, "पुढचं बोलू नका साहेब, हात जोडते."

देऊळघाटले आल्यावर मी ट्रंक तळापर्यंत रिकामी केली. तिसऱ्याच दिवशी कुठूनसा फोन आला, फक्त तीन महिन्यांसाठी. तो मीच घेतला अन् मीच ठेवला.

सकाळी आम्ही शेतांकडच्या रस्त्यानं फिरायले जातो. चाळीस वर्षांची सवय, मी यायच्या डावीकडून चालते अन् तोंड चालू ठेवते. त्या दिवशी मात्र बोलावंसं वाटत नव्हतं, गुपचूप चालले. थोड्या वेळानं हे थांबले अन् घाबरून समोर, उजवीकडं पाहू लागले. "वच्छला? आहेस ना गं?"

मी डावीकडंच उभी होते, हाताच्या अंतरावर. आता उजवीकडून चालते.