क्रूसाच्या पायाशी

निकोलस रुमाव वसईचा. आखातात, रास अल खैमाच्या सिरॅमिक कारखान्यात वीस वर्षे काढून तो आमच्या देखभाल कंपनीत आला. कंपनीने त्याला तिथल्याच किनाऱ्यावरच्या एका पडक्या ख्रिस्ती मठात नेमले. मठ हजारएक वर्षांपूर्वीचा. कोरीव दगडी चौकट आणि एका भिंतीवर लाल रंगातला क्रूस व द्राक्षवेल, एवढेच शिल्लक. रोज सकाळी गुडघ्यांवर बसून मऊ ब्रशने रेती झाडायची. अकरा वर्षे हेच. साठीला सात महिने उरले होते. तेवढे इथेच कसेबसे ओढून घरी जावे, इतकीच त्याची इच्छा.

मार्चमध्ये तपासणीला शिवानी मॅडम आल्या. त्यांनी जुने फोटो भिंतीशेजारी धरले. वेल शाबूत होती. क्रूसाच्या पायाशी मात्र बोटभर जागेत रंगच नव्हता.

"इथे कोणीतरी रोज हात लावतंय," त्या म्हणाल्या.

सुपरवायझर रणजित दुसऱ्या सफाई कामगाराकडे, अलीमियाँकडे वळला. "याचंच काम. मॅडम, खलास, याचं परतीचं तिकीट काढतो."

"साब, कसम से, मैं तो उधर जाता ही नहीं!"

निकोलस ब्रश धूत होता. धुऊन झाला तरी पाणी झटकत राहिला.

"रणजितसाहेब, तो नाही. मी."

"काका, कशाला मध्ये पडता?"

"आमच्यात क्रूसाला बोटं लावून ओठांना लावतात. लहानपणापासूनची सवय. ब्रश खाली ठेवला की हात आपोआप जायचा."

"अकरा वर्षं? रोज?"

"सुट्ट्या सोडून."

मॅडमनी फोटो पाकिटात परत घातले. "गेल्या वर्षी रिपोर्टमध्ये तुमचंच कौतुक लिहिलं होतं मी," त्या म्हणाल्या.

निकोलसला आत जायला बंदी झाली. जूनमध्ये संपणारा करार पुढे वाढणार नाही, हे पत्र ऑफिसात मीच टाइप केले. त्याने ते उभ्यानेच वाचून सही केली. वसईहून त्याच्या बायकोचा, कॉन्सेप्टाचा फोन आला. "साठीपर्यंत गप्प बसायला काय झालं होतं?"

"अलीमियाँला घरी पाठवलं असतं गं."

आता जूनपर्यंत तो फाटकाशी गाड्या लावून घेतो. दहाला भिंत झाडून अलीमियाँ चहा घेऊन येतो, कंबर धरून शेजारी टेकतो.

"वेल कैसी है?"

"ठीक है, चाचा. आज रेती बहुत थी."

निकोलस मान हलवतो आणि पुढच्या गाडीला जागा दाखवायला उठतो.