खाऱ्या पाण्यात धुतलेली गाळणी

आमचं वावर खारपाणपट्ट्यात, दर्यापूरच्या पल्याड. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि पाऊस सरला तरी काळ्या मातीतलं पाणी हलत नाही. दोनच एकर. पण आमच्या घराण्यात पहिला सातबारा झाला तो याच दोन एकरांचा, बाबांनी शिपायाच्या नोकरीतून घेतलेला. दोन वर्षं हरभरा मुळाशी सडला. आई म्हणाली, "यंदा बी गेला तर इकून टाक. मले पाहावत नाही."

म्हणून सरकारी योजनेतून जमिनीखाली भोकाभोकांच्या पाइपांच्या आठ ओळी टाकून घेतल्या. पाइपावर कापडाची गाळणी असते. माती बाहेर अडते, खारं पाणी पाइपातून नाल्यात जातं. जायला पाहिजे! पहिल्या साली धार लागली, दुसऱ्या साली थेंब. ठेकेदाराला फोन केला. "फिल्टर चोक झाला असंल, काढून धुऊन घ्या," म्हणाला आणि फोन ठेवला. कशानं धुवायचं, हे विचारायची अक्कल मलाही झाली नाही.

पेरणी तोंडावर. एक ओळ उकरताना कंबर मोडली. गाळणी बोअरखाली धरून खसाखसा धुतली, धुऱ्याच्या बांधावर वाळवली, परत चढवून माती लोटली. थेंबही येईना! पुन्हा उकरलं, तर कापड पापडासारखं कडक, वर पांढरी खपली. डोकंच फिरलं माझं. ठेकेदाराच्या सात पिढ्या उद्धरल्या, खोरं नाल्यात भिरकावलं.

आई धुऱ्यावर बसून ऐकत होती. "कोन्त्या पान्यानं धुतलं?"

"बोअरच्या. आनखी कोन्त्या?"

"त्या पान्यात डाळ शिजते का? साबणाले फेस येते का? एवढा शिकला, अन् मिठानं मीठ धुऊन राहिला!"

तिचाही राग आला, कारण ती खरं बोलत होती. आमच्याकडे गोडं पाणी प्यायला, खारं सांडायला. हाताला वळणच ते. नळ आठ-दहा दिवसांनी येतो. आईनं घरातले दोन्ही ड्रम ऑटोत चढवायला लावले. प्यायचं पाणी मी चिखलातल्या गाळणीवर ओतून ती धुतली, ओतताना शिव्या देत होतो. गाळणी ओलीच चढवली. तिसऱ्या दिवशी नाल्यात धार लागली. आईनं बोट लावून चाखलं, थुंकली आणि हसली. "खारं हाय!"

मग योजनेचे साहेब तपासणीला आले. पाइपाच्या वाहत्या तोंडाचा फोटो काढला, "सर्व ओळी चालू" लिहिलं आणि सही मागितली. "आठ ओळी आहेत, साहेब, सात बंद!" मी ओरडलो. "एक चालते म्हणजे बाकीच्याही चालतील, करा सही." मी कागद चुरगाळणार, तोच आईनं तो काढून घेतला.

"साहेब, चार दिस झाले, शेजाऱ्याकडून मागून पानी पेऊन राहिलो आमी. सात ओळींचं तुमी आनता का?"

साहेब गाडीत बसले. सही झाली नाही.

हरभरा त्या एका ओळीच्या दोन्ही अंगांनाच उभा राहिला. बाकीचा पिवळा पडून गेला. मी आईला विचारलं, "मंग, इकायचं का?"

"इकत नाही," ती म्हणाली. "आधी त्या साहेबाले म्हन, सात ओळी धुऊन दे."